चेहऱ्यावरील डर्माप्लेनिंग : लाभ, सुरक्षितता आणि ग्रामीण कोकणातील संदर्भ
(विशेष संदर्भ : कशेडी घाट परिसर, महाड व पोलादपूर तालुके)

सारांश :
चेहऱ्यावरील मृत पेशींचा थर व बारीक लव धारदार पात्याने अलगद खरवडून काढण्याच्या क्रियेला डर्माप्लेनिंग असे म्हणतात. महानगरांतील त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांतून ही क्रिया सौंदर्यप्रसाधनगृहांत आली आणि तेथून ती निमशहरी व ग्रामीण भागांकडे सरकत आहे. प्रस्तुत लेखात या क्रियेचे स्वरूप, तिचे खरे लाभ, तिच्याविषयीचे गैरसमज, तिच्यातील धोके आणि ग्रामीण कोकणातील परिस्थितीत घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : डर्माप्लेनिंग, लव, शृंगी स्तर, संसर्ग, पीसीओएस, सौंदर्यव्यवसाय, कशेडी.

प्रस्तावना :
सौंदर्याची आवड ही मानवाची सहजप्रवृत्ती आहे. प्रत्येक काळात व प्रत्येक समाजात तिचे स्वरूप बदलत गेले, परंतु ती कधी लोपली नाही. मात्र सौंदर्याची साधने जेव्हा उटणे व डाळीच्या पिठापुरती न राहता शस्त्रक्रियेच्या पात्यापर्यंत येऊन पोहोचतात, तेव्हा हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही; तो आरोग्याचा प्रश्न होतो.

मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ (पूर्वीचा क्रमांक १७) पोलादपूर ओलांडून कशेडी घाटाने रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात उतरतो. या परिसराचे मुंबईशी असलेले नाते जुने आहे. घरटी एखादा तरी चाकरमानी मुंबईत आणि गणपती, शिमगा व मे महिन्यातील लग्नसराई यांच्या निमित्ताने त्याचे गावी येणे, हा येथील जीवनक्रम होय. मुंबईतील पोशाख, केशरचना व प्रसाधने याच वाटेने गावात येतात. कशेडीच्या डोंगरातून काढलेल्या सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या बोगद्यामुळे घाटातील प्रवासाचा वेळ कमी झाला. भ्रमणध्वनीच्या पडद्यामुळे तर अंतर उरलेच नाही. एका मिनिटाच्या चित्रफितीत चेहऱ्यावरून पाते फिरते, पांढुरका थर निघतो व त्वचा चकाकू लागते. हे दृश्य पाहणाऱ्या तरुणीला महाड वा पोलादपूरच्या बाजारपेठेत, किंवा स्वतःच्या घरी आरशासमोर, तोच प्रयोग करून पाहावासा वाटतो. त्या चित्रफितीत जे दिसत नाही, ते सांगण्याची आवश्यकता या लेखामागे आहे.

उद्दिष्टे :
१) डर्माप्लेनिंग या क्रियेचे शास्त्रीय स्वरूप समजून घेणे.
२) या क्रियेचे लाभ व त्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे.
३) प्रचलित गैरसमजांचे निराकरण करणे.
४) संभाव्य धोके व ते टाळण्याचे उपाय सांगणे.
५) ग्रामीण कोकणातील सामाजिक व वैद्यकीय परिस्थितीच्या संदर्भात या विषयाचा विचार करणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

विषय विवेचन :

१. त्वचेची रचना व डर्माप्लेनिंगचे स्वरूप
मानवी त्वचेचे बाह्यत्वचा व अंतस्त्वचा असे दोन प्रमुख स्तर असतात. बाह्यत्वचेच्या सर्वांत वरच्या थराला शृंगी स्तर म्हणतात. हा थर मृत व चपट्या पेशींचा असून त्याची जाडी साधारणतः १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा सुमारे पन्नासावा ते शंभरावा भाग एवढी असते. बाह्यत्वचेच्या तळाशी नवीन पेशी जन्माला येतात, वर सरकत जातात, मृत होतात आणि अखेरीस झडतात. या चक्राला सुमारे चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि वयोमानानुसार हा काळ वाढत जातो. म्हणूनच उतारवयात त्वचा निस्तेज दिसू लागते.

शृंगी स्तर मृत पेशींचा असला तरी तो निरुपयोगी नाही. विटांच्या भिंतीत विटा आणि चुना असावा, तशा या थरात पेशी आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये असतात. शरीरातील पाणी आत राखणे आणि बाहेरील जंतू, रसायने व धूळ यांना अडविणे, ही या भिंतीची कामे होत. डर्माप्लेनिंगमध्ये याच भिंतीचा वरचा भाग उतरविला जातो. या एका गोष्टीतच या क्रियेचे लाभ आणि धोके दोन्ही सामावलेले आहेत.

प्रत्यक्ष क्रिया वरवर पाहता सोपी आहे. प्रथम चेहरा स्वच्छ धुऊन त्यावरील तेलकटपणा पुसून काढतात व त्वचा पूर्ण कोरडी करतात. नंतर एका हाताने त्वचा ताणून धरून दुसऱ्या हाताने शस्त्रक्रियेचे, बहुधा दहा क्रमांकाचे, पाते सुमारे ४५ अंशांच्या कोनात धरून हलक्या व आखूड हातांनी फिरवितात. पापण्या व नाकाचा उंचवटा ही स्थाने टाळतात. शेवटी सौम्य मॉइश्चरायझर व सूर्यकिरणांपासून संरक्षण करणारे सनस्क्रीन लावतात. कुशल हातांनी केलेल्या या क्रियेत वेदना होत नाहीत, रक्त येत नाही आणि भूल द्यावी लागत नाही. तथापि पात्याचा कोन किंचित बदलला, त्वचा सैल राहिली किंवा समोरची व्यक्ती अचानक हलली, तर इजा होण्यास क्षणाचाही अवधी पुरतो.

येथे दोन गोष्टींतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. दुकानात मिळणारा जाळीदार संरक्षक कडा असलेला चेहऱ्याचा छोटा रेझर आणि शस्त्रक्रियेचे उघडे पाते ही समान साधने नव्हेत. पहिल्याने मुख्यतः लव निघते. कापण्याचा धोका तुलनेने कमी असतो. दुसरे हे मुळात मानवी शरीर कापण्यासाठी बनविलेले शस्त्र आहे. दोन्हींना एकच नाव दिल्यामुळे दोन्हींचा धोकाही सारखाच समजला जातो, आणि ही समजूत घातक ठरते.

२. परंपरेतील संदर्भ
त्वचेवरील मळ व लव घर्षणाने काढण्याची कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. दिवाळीच्या अभ्यंगस्नानातील उटणे हे त्वचेच्या मृत पेशी घासून काढण्याचेच साधन होय. नवजात बालकाच्या अंगावरील लव जावी म्हणून त्याला डाळीच्या पिठाने चोळण्याची प्रथा अनेक घरांत आजही आहे. वास्तविक ही जन्मतः असलेली लव काही आठवड्यांत आपोआप गळून पडते. त्यासाठी बालकाची नाजूक त्वचा चोळण्याचे कारण नसते. परंतु या प्रथेवरून एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही की मुलीच्या अंगावर लव नसावी हा आग्रह तिच्या पाळण्यापासूनच सुरू होतो.

वस्तरा मात्र पुरुषांचे साधन मानला गेला. बलुतेदारीच्या व्यवस्थेत नाभिकाचा वस्तरा पुरुषांच्या दाढीसाठी होता. स्त्रीच्या वाट्याला तो आला तो विधवेच्या केशवपनाच्या क्रूर रूढीत. १८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याची भूमिका घेतली, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील महत्त्वाची घटना होय. स्त्री व वस्तरा यांच्या संबंधाला असा अपमानाचा इतिहास असल्यामुळे चेहऱ्यावरून पाते फिरविणे ही बाब आजही अनेक स्त्रिया लपवून ठेवतात. लपवून केलेल्या कृतीत सल्ला घेतला जात नाही, आणि इजा झाली तरी ती सांगितली जात नाही. संकोचामुळे उपचारास होणारा विलंब हा या विषयातील एक अदृश्य धोका आहे.

पाश्चात्त्य वैद्यकात त्वचा यांत्रिक रीतीने घासून काढण्याच्या तंत्राचा आरंभ विसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीतील त्वचारोगतज्ज्ञ एर्न्स्ट क्रोमायर यांच्या फिरत्या उपकरणापासून मानला जातो. त्या पद्धतीत त्वचेचे खोल थरही घासले जात. आजचे डर्माप्लेनिंग त्या मानाने अत्यंत उथळ असून ते शृंगी स्तरापुरते मर्यादित राहणे अपेक्षित आहे.

३. डर्माप्लेनिंगचे लाभ
अ) त्वचा तात्काळ मऊ व तजेलदार दिसते. मृत पेशींचा असमान थर निघाल्याने प्रकाशाचे परावर्तन अधिक सम होते, हे त्याचे कारण होय.
आ) चेहऱ्यावरील लव निघते, त्यामुळे प्रसाधने एकसारखी बसतात. लेसरचा उपयोग केसातील रंगद्रव्यावर अवलंबून असल्याने फिकट व बारीक लवेवर तो फारसा होत नाही. तेथे पाते उपयोगी पडते.
इ) यात रसायनांचा वापर नसतो. त्यामुळे ब्लीच किंवा आम्लयुक्त द्रव्यांनी ज्यांच्या त्वचेची आग होते, त्यांना ही पद्धती सोयीची वाटते.
ई) वॅक्सिंग किंवा थ्रेडिंगप्रमाणे केस मुळापासून ओढला जात नाही. त्यामुळे वेदना कमी होतात.
उ) नंतर लावलेली औषधी द्रव्ये त्वचेत अधिक प्रमाणात शिरतात. हा लाभ दुधारी आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

या लाभांची मर्यादाही सांगितली पाहिजे. हा परिणाम तात्पुरता असतो. तीन ते चार आठवड्यांत शृंगी स्तर पुन्हा तयार होतो व लवही वाढते. सुरकुत्या, मुरुमांचे खोल खड्डे किंवा वांग यांवर हा उपचार नव्हे, कारण या तक्रारींचे मूळ शृंगी स्तराच्या खाली असते. डर्माप्लेनिंगविषयीच्या नियंत्रित वैद्यकीय चाचण्या फार थोड्या आहेत. त्याचे बहुतेक लाभ अनुभवाच्या आधारे सांगितले जातात. म्हणून ‘कायमची उजळ त्वचा’ अशी हमी देणारी जाहिरात अविश्वासार्ह मानावी.

४. ‘केस राठ होतात’ हा गैरसमज
पात्याने काढलेली लव पुन्हा येताना दाट, काळी व राठ होते, अशी समजूत सर्वत्र आढळते. या समजुतीची शास्त्रीय परीक्षा फार पूर्वीच झाली आहे. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाढी केल्याने केसांच्या वाढीच्या वेगात वा जाडीत फरक पडत नसल्याचे दाखविले. १९७० मध्ये लिनफील्ड व मॅकविल्यम्स यांनी तरुण पुरुषांच्या एका पायावरील केस काही महिने नियमितपणे काढून दुसऱ्या पायाशी तुलना केली. त्यातही फरक आढळला नाही. केसाची जाडी व रंग त्वचेच्या आत असलेल्या केशमुळावर अवलंबून असतो आणि पाते तेथपर्यंत पोहोचत नाही. नैसर्गिक केसाचे टोक निमुळते असते. कापल्यावर ते बोथट होते, त्यामुळे काही दिवस बोटांना खरखरीत लागते, एवढेच.

परंतु या गैरसमजाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. एखाद्या तरुणीच्या हनुवटीवर किंवा वरच्या ओठावर खरोखरच जाड व काळे केस येऊ लागले, तर त्याचे खापर पात्यावर फोडले जाते आणि खरे कारण दुर्लक्षित राहते. ते कारण पुष्कळदा संप्रेरकांच्या असंतुलनात असते.

५. लव आणि रोगलक्षण
लव आणि राठ केस यांतील भेद प्रत्येक शिक्षित व्यक्तीस माहीत असावा. लव ही मऊ, फिकट, साधारणतः दोन मिलिमीटरपेक्षा आखूड असते व ती प्रत्येक स्त्रीच्या चेहऱ्यावर असते. तिच्यात कोणताही दोष नाही. याउलट पुरुषांप्रमाणे हनुवटी, वरचा ओठ, छाती वा पोटावर जाड व काळे केस वाढणे, त्यासोबत मासिक पाळी अनियमित होणे, मुरुमे येणे, वजन वाढणे ही लक्षणे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम अर्थात पीसीओएस या विकाराची असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील १० ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो आणि त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांमध्ये त्याचे निदान झालेले नसते. मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी मुंबईतील तरुणींचा केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका निकषाने २२.५ टक्के व दुसऱ्या, अधिक कठोर निकषाने १०.७ टक्के तरुणींमध्ये हा विकार आढळला. निकष कोणताही धरला तरी वर्गातील दहा विद्यार्थिनींमागे किमान एक, असे हे प्रमाण आहे.

मानेच्या मागील बाजूस येणारा काळसर, मखमली थर हेही असेच एक लक्षण होय. तो मळ समजून घासला जातो किंवा त्यावरही पाते फिरविले जाते. वस्तुतः तो बहुधा इन्सुलिनला शरीर योग्य प्रतिसाद देत नसल्याचा, म्हणजे पुढे मधुमेह होण्याच्या शक्यतेचा इशारा असतो. खरवडल्याने तो जात नाही. वजन व आहार यांवर नियंत्रण आणल्याने तो कमी होऊ शकतो.

पीसीओएस असलेल्या स्त्रीने चेहऱ्यावरील केस पात्याने काढू नयेत, असे मुळीच नाही. केस काढण्याचा तो एक मान्य व निर्धोक मार्ग आहे. प्रश्न असा आहे की लक्षण पुसले जाते आणि रोग राहतो. दरमहा निमूटपणे हनुवटी साफ करणारी विद्यार्थिनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली नाही, तर पुढे वंध्यत्व, मधुमेह व गर्भाशयाच्या अंतःस्तराचे विकार यांच्या रूपाने त्याची किंमत तिला मोजावी लागू शकते. सौंदर्यप्रसाधनगृह चालविणारी स्त्री हे केस सर्वप्रथम पाहते. ‘ताई, एकदा डॉक्टरांना दाखवा’ एवढे तिने म्हटले, तरी ते मोठे आरोग्यकार्य ठरेल.

६. डर्माप्लेनिंगमधील धोके
अ) संसर्ग : त्वचेवर पडणारे सूक्ष्म ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु रोगजंतूंना तेवढी वाट पुरेशी असते. एकच पाते दोन व्यक्तींना वापरल्यास हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी व एचआयव्ही यांचा प्रसार होण्याची शक्यता असते. यांपैकी हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात एका विनापरवाना सौंदर्यकेंद्रात सुयांच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या रक्तद्रव्याच्या फेशियलमधून ग्राहक स्त्रियांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये नोंदविले. ती क्रिया डर्माप्लेनिंगपेक्षा वेगळी व अधिक खोल होती. परंतु चेहऱ्याच्या सौंदर्यासाठी वापरलेल्या अस्वच्छ साधनातून असा रोग होऊ शकतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

आ) असलेला रोग पसरणे : चेहऱ्यावर चपट्या चामखिळी, गजकर्ण, पू भरलेली मुरुमे किंवा ओठाच्या कडेला वारंवार उठणारे विषाणूजन्य फोड असताना पाते फिरविले, तर ते रोग संपूर्ण चेहऱ्यावर पसरू शकतात. चामखिळींची एक सरळ रांगच पात्याच्या मार्गाने उठलेली त्वचारोगतज्ज्ञांस दिसते. कोड किंवा सोरायसिस असलेल्या व्यक्तीत ओरखड्याच्या जागी नवीन डाग निर्माण होऊ शकतो.

इ) काळे डाग : गोऱ्या युरोपीय त्वचेच्या तुलनेत भारतीय त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक कार्यक्षम असते. सूर्यप्रकाशापासून बचाव करणारा हा निसर्गाचा प्रसाद आहे. परंतु याच कारणाने भारतीय त्वचेवरील लहानशा दाहाचाही काळा डाग राहतो व तो जाण्यास अनेक महिने लागतात. परदेशी चित्रफितीतील परिणाम पाहून केलेला प्रयोग येथे फसतो, तो यामुळे. उजळ होण्यासाठी गेलेली स्त्री अधिक काळवंडून येते, ही यातील शोकांतिका होय.

ई) घातक क्रीमचे शोषण : शृंगी स्तर निघाल्यावर त्वचेत औषधाप्रमाणेच विषही अधिक शिरते. भारतात गोरेपणासाठी स्टिरॉइडयुक्त मलमांचा गैरवापर मोठ्या प्रमाणावर होतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री भारतीय अभ्यासात चेहऱ्याच्या त्वचाविकाराने आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड मलम लावत असल्याचे आढळले. अशा मलमाने आधीच पातळ झालेल्या त्वचेवर पाते फिरविणे म्हणजे जीर्ण वस्त्रावर कात्री चालविण्यासारखे आहे. पाऱ्याचा धोका याहून गंभीर आहे. अकोला येथील एका कुटुंबातील तिघी, आई व दोन मुली, गोरेपणाच्या क्रीमच्या वापरानंतर मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्या आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा असल्याचे निष्पन्न झाले. ही घटना २०२३ मध्ये प्रकाशात आली. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० अन्वये डोळ्यांच्या प्रसाधनांव्यतिरिक्त अन्य प्रसाधनांत अनवधानाने राहिलेल्या पाऱ्याचे प्रमाण दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. नाव-पत्ता नसलेल्या डबीतील क्रीम खरवडलेल्या चेहऱ्यावर कधीही लावू नये.

७. कशेडी परिसराच्या संदर्भात विशेष विचार
सर्वसाधारण धोक्यांमध्ये या परिसराच्या परिस्थितीने काही भर पडते.

पहिली बाब हवामानाची. महाड-पोलादपूर पट्ट्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने कपडे नीट वाळत नाहीत. दमटपणामुळे गजकर्णासारखे बुरशीजन्य विकार बळावतात. त्यांवर औषधाच्या दुकानातून आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम लावल्याने खाज तात्पुरती थांबते, कडा पुसट होतात व रोग ओळखू येत नाही. अशा चेहऱ्यावर डर्माप्लेनिंग केल्यास बुरशी पसरणे स्वाभाविक आहे. पावसाळ्यात त्वचेवर कोणताही लालसर चट्टा असल्यास ही क्रिया टाळणेच इष्ट होय.

दुसरी बाब लग्नसराईची. या भागात लग्ने प्रामुख्याने एप्रिल-मे महिन्यांत होतात. लग्नाच्या आदल्या दिवशी चेहरा खरवडून घेणे, दुसऱ्या दिवशी हळद व प्रसाधनांचा थर, त्यानंतर भर उन्हात वरात आणि घामाने निथळणारा चेहरा, हा क्रम काळ्या डागांना निमंत्रण देणारा आहे. नवरीने प्रथमच ही क्रिया करून घ्यावयाची असेल, तर ती किमान तीन-चार आठवडे आधी करून त्वचेचा प्रतिसाद पाहावा.

तिसरी बाब वैद्यकीय सुविधांची. जिल्ह्याचे ठिकाण असलेले अलिबाग पोलादपूरपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. तज्ज्ञाकडे जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी, प्रवासखर्च आणि घरातील पुरुषाची सोबत. चेहऱ्यावरील डागासाठी एवढा खर्च करणे घरच्यांना पटत नाही. त्यामुळे मुंबईतील स्त्रीसाठी जी किरकोळ गुंतागुंत ठरते, ती घाटमाथ्याच्या वाडीतील स्त्रीसाठी दीर्घकाळचे दुःख होऊन बसते. धोका क्रियेत तेवढाच असतो. त्याचा भार मात्र ठिकाणानुसार बदलतो.

चौथी बाब रोजगाराची. ब्युटी पार्लर हा ग्रामीण स्त्रीला घराजवळ, अल्प भांडवलात व सन्मानाने करता येण्याजोगा व्यवसाय आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा अभ्यासक्रमही शिकविला जातो. परंतु दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेतून प्रमाणपत्र घेऊन पाते हाती धरणाऱ्यांची संख्याही कमी नाही. दुकानाची नोंदणी ही कामगार व आस्थापनेच्या दृष्टीने होते. पाते निर्जंतुक आहे की नाही, हे त्यात तपासले जात नाही. म्हणून दोष त्या स्त्रीला देऊन भागणार नाही. जे ज्ञान तिला दिलेच गेले नाही, त्याचा जाब तिला विचारता येत नाही.

८. आवश्यक दक्षता
ग्राहकाने पाळावयाची दक्षता :
१) नवीन, सीलबंद पाते आपल्या डोळ्यांसमोर उघडले जाईल याचा आग्रह धरावा. हा आग्रह उद्धटपणा नसून हक्क आहे.
२) सक्रिय मुरुमे, गजकर्ण, चामखीळ, कोड, सोरायसिस, फोड, जखम किंवा उन्हाने पोळलेली त्वचा असल्यास ही क्रिया करू नये. उंच तिळावरून पाते फिरवू नये.
३) रक्त पातळ करणारी औषधे, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा रेटिनॉइड मलम चालू असल्यास, अनियंत्रित मधुमेह असल्यास किंवा जखमेचा व्रण गाठीसारखा वाढण्याची प्रवृत्ती असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.
४) त्यानंतर किमान आठवडाभर तीव्र ऊन, ब्लीच, आम्लयुक्त द्रव्ये, लिंबू व सुवासिक प्रसाधने टाळावीत, सनस्क्रीन नियमित लावावे. तोपर्यंत पदर किंवा छत्री यांची आडही उपयुक्त असते.
५) दोन वेळांमध्ये किमान तीन ते चार आठवड्यांचे अंतर ठेवावे.
६) घरी करावयाचे असल्यास संरक्षक कडा असलेला चेहऱ्याचा रेझरच वापरावा, शस्त्रक्रियेचे पाते वापरू नये. बहिणी-बहिणींनीही रेझर सामाईक ठेवू नये.

व्यावसायिकाने पाळावयाची दक्षता :
१) एका व्यक्तीस एक पाते हा नियम अपवादाविना पाळावा.
२) पात्याची मूठ धातूची असल्यास ती धुऊन प्रेशरखाली वाफेने, १२१ अंश सेल्सिअस तापमानात किमान १५ मिनिटे निर्जंतुक करावी. जंतुनाशकाचा बोळा फिरविणे किंवा निळ्या दिव्याच्या पेटीत साधने ठेवणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे.
३) वापरलेले पाते कचऱ्यात मोकळे टाकू नये; ते सफाई कामगाराच्या हाताला लागते. सहज न भोसकले जाणाऱ्या झाकणाच्या डब्यात ते साठवून जवळच्या रुग्णालयाच्या मदतीने त्याची विल्हेवाट लावावी.
४) स्वतः हिपॅटायटिस बी प्रतिबंधक लसीच्या तीन मात्रा घ्याव्यात. बालकांच्या लसीकरण कार्यक्रमात ही लस देशभर २०११ मध्ये आली. त्यामुळे आज हा व्यवसाय करणाऱ्या बहुतेक स्त्रियांना ती बालपणी मिळालेली नसण्याचीच शक्यता अधिक आहे.

निष्कर्ष :
१) योग्य व्यक्तीवर, निर्जंतुक पात्याने व प्रशिक्षित हातांनी केलेले डर्माप्लेनिंग ही बहुतांशी सुरक्षित क्रिया आहे. तिचे लाभ खरे आहेत, परंतु ते वरवरचे व तात्पुरते आहेत.
२) पात्यामुळे केस राठ होतात ही समजूत निराधार आहे. राठ केस येत असल्यास त्याचे कारण शरीरात शोधले पाहिजे.
३) या क्रियेतील गंभीर धोके पात्यापेक्षा पात्याचा पुनर्वापर, आधीचे त्वचारोग व नंतर लावली जाणारी घातक क्रीम यांतून उद्भवतात. हे तिन्ही धोके टाळता येण्याजोगे आहेत.
४) तज्ज्ञ वैद्यकीय सेवा दूर असलेल्या भागात प्रतिबंध हाच सर्वांत स्वस्त उपचार होय.

शिफारशी :
महाविद्यालयांच्या महिला विकास कक्षांनी त्वचा, लव व पीसीओएस या विषयांवर वर्षातून एकदा तरी मोकळी चर्चा घडवून आणावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरांत परिसरातील पार्लर व केशकर्तनालय चालकांसाठी निर्जंतुकीकरणाचे प्रात्यक्षिक आयोजित करणे सहज शक्य आहे. रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी त्यात सहभाग घ्यावा. अल्पमुदतीच्या सौंदर्यशास्त्र अभ्यासक्रमांत संसर्गप्रतिबंध हा सक्तीचा घटक असावा.

ग्रामीण भागात शास्त्रशुद्ध नोंदी होऊ शकत नाहीत, असे मानण्याचे कारण नाही. विंचूदंशावर प्रॅझोसिन या औषधाच्या उपयोगाचे जे संशोधन जगभर मान्यता पावले, ते डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी याच महाड परिसरातील रुग्णांच्या नोंदींतून उभे केले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला. सौंदर्योपचारांतून होणाऱ्या इजांच्या नोंदीही स्थानिक डॉक्टर व महाविद्यालये यांच्या सहकार्याने ठेवता येतील. आपल्या चेहऱ्यावर काय केले जात आहे आणि कशाने, हे विचारण्याचे धैर्य विद्यार्थिनीच्या ठायी निर्माण करणे, हे अध्यापकाच्या कार्यकक्षेबाहेरचे नाही.